कच्चे टाके

खराडीत अकराव्या मजल्यावर
रात्री पावणेबाराला बिल्ड हिरवा झाला.
कव्हरेज एक्क्याऐंशी टक्के.
अट ऐंशीची होती. वरचा एक टक्का खिशात टाकून
मी निघाले, आणि नगर रोडच्या सिग्नलला
रस्ता रिकामा असूनसुद्धा थांबले.

पहाटे पाच-दहाला मंचरहून पोखरकरांचा फोन.
"मॅडम, पावती निघंना.
माणसं किटल्या घेऊन उभी हायेत, दूध नासंल."
मागे पत्र्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं.

डिस्क भरली होती.
चाचणीसाठी कोडच्या ओळीओळीच्या दाराशी
मी एक मोजणारा बसवला होता:
कोण आत गेलं, कितीदा गेलं, कोण गेलंच नाही.
चाचणीपुरता. तो तिथेच राहिला,
कोडात शिवलेला सर्व्हरवर गेला
आणि रात्रभर प्रामाणिकपणे मोजत बसला.
लिटर, फॅट, डिग्री, दर.
एका पावतीमागे सतराशे नोंदी.

धनकवडीत आई चहा गाळत होती.
सगळं ऐकून म्हणाली,
"म्हणजे कच्चे टाके काढले नव्हतेस."
ती काळ्या खणावर पांढरा दोरा घालते, मुद्दाम,
विसरायला होऊ नये म्हणून.
तरी एकदा कुणाच्या डोहाळजेवणात
पाठीवर धावदोरा तसाच घेऊन ब्लाउज मिरवला होता.
हे ती अजून सांगते, कुणी न विचारता.

मुजावरने फळ्यावर दोन चौकोन काढले.
एक बिल्ड मोजणाऱ्यांसकट, तपासायला.
एक कोरा, पाठवायला.
मी म्हटलं, म्हणजे तपासलं ते पाठवायचं नाही
आणि पाठवायचं ते तपासलेलंच नाही.
"मूळ एकच आहे ना," तो म्हणाला,
पण मार्करला टोपण लावायचं विसरला.

आई टाके उसवल्यावर
गिऱ्हाइकाला पुन्हा एकदा घालून बघायला लावते.
कंटाळतात बायका. रिक्षा थांबलेली असते.
आम्हीही कोऱ्या बिल्डवर
सगळ्या चाचण्या पुन्हा लावल्या.
चार मिनिटं वाढली.
चार मिनिटं कशासाठी,
असं वरून दोनदा विचारून झालं.

पुसण्याआधी
मी ती रात्रभराची मोजणी उघडली.
ओळ चारशे बारा.
आमच्या एकाही चाचणीने तिला कधी हात लावला नव्हता.
उरलेल्या एकोणीस टक्क्यांतली.
मंचरला ती एकदा चालली होती,
पहाटे चार-बेचाळीसला:
*दूध शून्य असेल तर.*

मला वाटायचं, ही ओळ कुणीतरी उगाच लिहिलीय.
शून्य दूध घेऊन कोण येणार?

"सत्त्याऐंशी नंबर," पोखरकर म्हणाले.
"निघोट. गाय आटलीय त्यांची.
खातं चालू ऱ्हावं म्हणून येत्यात रोज,
रिकामी किटली घेऊन. लाइनीत उभं ऱ्हात्यात.
आपण शून्य मांडतो. पावती देतो."

ओळ बरोबर चालली होती.
कुणी न तपासता. इतकी वर्षं.

त्या संध्याकाळी मी एक चाचणी लिहिली.
सभासद सत्त्याऐंशी, लिटर शून्य,
फॅट नाही, डिग्री नाही, पावती हवी.
चाळीस हजार ओळींत एक ओळ.
टक्का हलला नाही.
एक्क्याऐंशी होते, एक्क्याऐंशीच राहिले.
"मग उपयोग काय?" मुजावरने विचारलं,
आणि स्वतःच मंजुरीचं बटण दाबलं.

मोजणारे सगळे काढले.
कोरा बिल्ड मंचरला गेला,
हलका, एकही दोरा न लोंबणारा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला आपोआप जाग आली.
चार-बेचाळीस.
पावती निघाली असेल.
आता मोजायला तिथे कोणी नाही.